दावा थांबला, आई थांबली

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं सगळं जग म्हणतं. आमच्या घरात ही म्हण चालत नसे. वडील म्हणायचे, "ज्यांच्या बापजाद्यांना चावडीची पायरी चढू दिली नाही, त्यांनी कोर्टाची पायरी ताठ मानेनं चढावी." त्यामुळे पंचाहत्तरी ओलांडलेली आमची आई गुडघे धरत, कठड्याला रेलत कोर्टाचा जिना चढली, तेव्हा तिला लाज वाटत नव्हती. उलट जरा ऐटच होती. लाज मला वाटत होती, कारण तिने दावा लावला होता तो माझ्या धाकट्या भावावर.

मी मुळातच तोंडाची फटकळ. कॉलेजच्या ऑफिसात उभी हयात गेली, समोरच्याला गोड बोलून परत पाठवायची कला काही जमली नाही. तेव्हा हेही सरळच सांगते. भाऊ वाईट नव्हता, आईही वाईट नव्हती. दोघं हट्टी होते, आणि तिसरी मी.

हडपसरला आमचं घर आहे. वडील तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते. खालच्या दोन खोल्या त्यांनी बांधल्या, वरचा मजला नंतर भावाने चढवला. रस्त्याकडे उघडणारी पुढची खोली आईची. दारात पाट टाकून ती लसूण सोलायची, आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायची. कोण कुठे निघालं, कुणाच्या पोरीचं जमलं, सगळं तिला दारातच कळायचं. वडील गेले ते त्याच दारातून. भंतेजींनी वंदना घेतली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं गल्लीच्या तोंडापर्यंत उभी होती. तेव्हापासून आईचं एकच म्हणणं होतं, "माजी मयत ह्याच दारातनं निघाली पायजे." दुसरं तिने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही.

वडील गेल्यावर वर्षाभरात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हडपसरला संडास वरच्या मजल्यावर, आणि जिना तर चढायचा नाही, म्हणून मी तिला माझ्याकडे कर्वेनगरला आणलं. महिनाभर राहील आणि जाईल, असं ठरलं होतं. त्याच दिवसांत भावाच्या डोक्यात घर पाडून नवीन बांधायचं आलं. कागद स्वच्छ हवेत, म्हणून वकिलाच्या सल्ल्याने त्याने वाटपाचा दावा लावला. कुणाचा किती हिस्सा ते कोर्टाने सांगावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी आई, मी आणि, जागा आजोबांच्या नावावरची म्हणून, दोन आत्या, सगळ्यांना प्रतिवादी केलं. फोन करून सांगावं, ते सुचलं नाही. पुण्यात राहून इतकंही शिकला नाही, की माणसाला समन्स जाण्याआधी चहाला बोलवावं.

बेलीफ कागद घेऊन माझ्या दारात आला. आईला वाचता येत होतं, पण सरकारी कागद ती माझ्याकडून वाचून घ्यायची, तेही दोनदा. पहिल्यांदा भरभर, दुसऱ्यांदा हळू. दुसरं वाचन संपलं की मान हलवून म्हणायची, "हां. आता कळलं." त्या दिवशी दुसरं वाचन संपलं तरी तिने मान हलवली नाही. मग म्हणाली, "प्रतिवादी नंबर एक म्हंजी मीच ना?"

मी हो म्हटलं. तिने भावाला फोन लावायला लावला. दोघांची जुंपली. शेवटी तो वैतागून म्हणाला, "केस संपेपर्यंत ताईकडेच राहा. इथे रोजची कटकट नको." त्याने ते रागाच्या भरात म्हटलं. आईने ते पोटच्या पोराने घराबाहेर काढलं असं ऐकलं. पुढच्याच आठवड्यात तिने स्वतःचा दावा लावला. घर माझ्या नवऱ्याने बांधलं, ते माझं, आणि मला तिथे राहू द्यावं, असा.

इथे खरी गंमत सुरू झाली, म्हणजे गंमत कसली. भावाच्या वकिलाने कलम दहाचा अर्ज टाकला. त्याचा अर्थ मला नंतर नीट कळला. तीच माणसं, तोच मुद्दा, आणि त्यावर आधीच एक दावा चालू असेल, तर नंतरचा दावा कोर्ट थांबवून ठेवतं. कायद्यात चूक काहीच नाही. एकच पेपर दोन परीक्षकांकडे गेला, एकाने पास केलं, दुसऱ्याने नापास, तर पोराने करायचं काय? आईच्या दाव्यात घर कुणाचं हा प्रश्न होता, भावाच्याही दाव्यात तोच. म्हणून आईचा दावा थांबवला. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत स्थगिती.

फक्त पहिला दावा काही हलेना. थोरली आत्या मध्येच वारली. प्रतिवादी वारला की त्याचे वारस दाव्यात लावावे लागतात. आत्याची मुलं कुणी नागपूरला, कुणी त्याच्याही पलीकडे. नोटिसा जायच्या आणि पत्ता सापडत नाही म्हणून परत यायच्या. पहिला चालेना, दुसरा चालू देईना. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण तिचा अर्थ मला कोर्टाच्या बाकावर बसून कळला.

ज्या दिवशी स्थगिती मिळाली, त्या दिवशी आमचे तेव्हाचे म्हातारे वकील फाईल बांधता बांधता आईला म्हणाले होते, "आता सगळं जागच्या जागी, आजी. कुणी काही हलवायचं नाही." एखाद्याने सहज म्हणावं तसं ते म्हणाले. आईने ते मनावर घेतलं. दावा थांबला म्हणजे आपणही थांबायचं, घराच्या उंबऱ्यापाशी जायचं नाही, हे तिने स्वतःच ठरवून टाकलं. कोर्टाने असं काही सांगितलं नव्हतं. पण आमच्या घरात कायद्याचं प्रेम असं, की कायद्याने एक पाऊल मागे घे म्हटलं तर आम्ही दोन घेणार.

मी किती वेळा म्हटलं, "आई, चल, मी नेऊन सोडते. तुझं घर आहे. कोण अडवतो ते बघते."

ती एकच विचारायची, "लेखी हाय का?"

ह्या दोन शब्दांमागे आमचं सगळं घराणं उभं होतं. माझ्या आजोबांना गावात घराला जागा दिली होती, तोंडी. बांध घातला, दगड वाहिले, भिंती छातीपर्यंत आल्या, आणि मग कुणी जागा दिली, कधी दिली, असं विचारत चार माणसं आली. आजोबांकडे दाखवायला काही नव्हतं. ते पोरांना घेऊन पुण्याला आले ते त्याच पायी. म्हणून वडिलांनी आम्हाला एक गोष्ट दुधाबरोबर पाजली: तोंडी शब्दावर पाऊल टाकायचं नाही. लेखी घ्यायचं, वाचायचं, आणि मगच विश्वास ठेवायचा. आई हे सगळं वडिलांपेक्षा कडक पाळायची. रेशनच्या दुकानदारानेही उद्या या म्हटलं, तर ती म्हणायची, लिहून दे.

एकदा नात्यातल्या लग्नाला आम्ही हडपसरला गेलो. स्वारगेटवरून रिक्षा केली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच नेमकी गर्दीत रिक्षा अडकली. मी बाहेर वाकून पाहिलं. घर दिसत होतं, पुढच्या खोलीचं दार लावलेलं होतं. मी म्हटलं, "आई, उतर ना. नुसतं बघून ये."

तिने पदर पुढे ओढला आणि मान दुसऱ्या बाजूला वळवली. "तिकडं न्हाई बघायचं," म्हणाली. रिक्षावाल्याला वाटलं गल्लीत काही वाईट घडलंय, तो बिचारा आरशातून आमच्याकडे बघत राहिला. रिक्षा हलेपर्यंत तिने मान वळवली नाही. मला तेव्हा तिचा इतका राग आला होता की लग्नात मी तिच्या पंगतीला बसले नाही.

भावाशी मी बोलणं टाकलंच होतं. त्याच्या वकिलाने त्याला सांगितलं होतं की आईशी थेट बोलू नका, खालच्या खोलीला हात लावू नका, उद्या तुमच्यावरच उलटेल. तो तेवढंच धरून बसला. आई येत नाही म्हणजे तिला माझं तोंड बघायचं नाही, असं त्याला वाटायचं. तो बोलवत नाही म्हणजे त्याला मी नकोय, असं आईला वाटायचं. आणि मी मध्ये बसून दोघांना मनातल्या मनात शिव्या घालायची.

आईची तब्येत उतरायला लागली. छातीत पाणी होतं, पाय सुजायचे. एका दुपारी भाजी निवडताना ती म्हणाली, "इथनंच जायला लागंल गं मला." मी हातातली भाजी खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी वकील बदलला.

नवीन वकील मॅडम माझ्या अर्ध्या वयाच्या. दोन्ही फायली त्यांनी शांतपणे वाचल्या. मग आईलाच विचारलं, "आजी, तुम्हाला नक्की काय हवंय? घर तुमच्या नावावर हवंय, की घरात राहायचंय?"

आई म्हणाली, "मालकी न्हाई मागत मी. दार पायजे."

"मग सोपं आहे," मॅडम म्हणाल्या. सोपं म्हणजे काय, ते त्यांनी आम्हाला समजावलं. दोन्ही दाव्यांत घर कुणाचं हाच प्रश्न होता, म्हणून स्थगिती आली. मालकीचा मुद्दा आपण या दाव्यातून काढून टाकू, तो पहिल्या दाव्यात लढता येईल. इथे फक्त विधवेचा त्या घरात राहायचा हक्क ठेवू. मग दोन कोर्टांचे दोन निकाल एकमेकांवर आपटायची भीती राहत नाही. आणि ज्या दाव्यासाठी थांबायचं तोच जर चालत नसेल, तर थांबवणं म्हणजे नाकारणंच झालं, हेही आपण कोर्टाला सांगू. मी त्यांना विचारलं, आई आत्ता घरी गेली तर? त्या चकित होऊन म्हणाल्या, "जाऊ देत की. त्यांना कुणी मनाई केलीय?"

मी आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "लेखी हाय का?"

अर्जाच्या सुनावणीला ती आलीच. नको म्हटलं तरी ऐकेना. पांढरी साडी, वर स्वेटर, हातात काठी. भाऊ पलीकडच्या बाकावर बसला होता. केस पांढरे झाले होते त्याचे, मला ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं. दोन्ही वकिलांचं बोलून झाल्यावर न्यायाधीशांनी मान वर केली आणि थेट आईला विचारलं, "आजी, हल्ली राहता कुठे?"

"लेकीकडं."

"स्वतःच्या घरी का नाही जात? मुलगा येऊ देत नाही?"

आई म्हणाली, "त्यो काय अडवणार मला. कोर्टानं थांबवलंय ना."

न्यायाधीशांनी समोरची फाईल मिटली. मग भावाच्या वकिलाला विचारलं, आजी घरी राहायला आल्या तर तुमची काही हरकत आहे का? वकील भावाकडे वळले. भाऊ उभा राहिला आणि नुसती मान हलवली, नाही म्हणून. न्यायाधीश आईला म्हणाले, "आजी, मी दावा थांबवला होता. तुम्हाला नव्हतं थांबवलं."

आईने हात जोडले. "साहेब, हे लेखी मिळंल का?"

कोर्टात दोनतीन जण हसले. न्यायाधीश हसले नाहीत. म्हणाले, "मिळेल. पुढच्या तारखेला हुकूम देतो."

बाहेर व्हरांड्यात भाऊ आमच्यापाशी आला. किती वर्षांनी तो तिच्या इतक्या जवळ उभा होता. म्हणाला, "आई, गाडी आणलीय. चल ना घरी. आत्ताच चल." आईने त्याच्या गालावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. मला वाटलं, झालं, संपलं एकदाचं. आई म्हणाली, "येते ना. हुकूम लेखी येऊ दे, मग येते. आता काय, पुढच्या तारखेचीच तर गोष्ट हाय."

मी तिथेच भडकले. व्हरांड्यात चार माणसं वळून बघतील इतक्या मोठ्याने म्हटलं, "साहेबांनी तुझ्या तोंडावर सांगितलं, आणखी काय ताम्रपट हवाय तुला?" ती नुसती हसली. जिना उतरताना तिने एक हात भावाच्या खांद्यावर ठेवला होता, दुसरा माझ्या. त्या दिवशी ती फार खुशीत होती. घरी येऊन तिने पिशवी भरायला घेतली. दोन साड्या, औषधं, वडिलांचा फोटो. लसूण सोलायचा पाट तिकडेच आहे ना, एवढं तिने मला विचारलं.

पुढची तारीख आलीच नाही तिच्यासाठी. एका सकाळी तिला श्वास घेता येईना. मी दवाखान्यात नेलं, भावाला फोन केला. तो हडपसरहून सगळं शहर ओलांडून आला तेव्हा ती गेली होती. तो तिच्या पायाशी उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, घरी न्यायची ना?"

मी हो म्हटलं.

शववाहिका स्वारगेटच्या गर्दीत अडकली, तशीच पुढे सरकत राहिली. गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा या वेळी तिने मान वळवली नाही. भाऊ पुढे झाला आणि त्याने पुढच्या खोलीचं दार उघडलं. मी इतक्या वर्षांनी आत पाऊल टाकलं, आणि जागीच थांबले. खोली होती तशी होती. कॉट, पाट, मूर्तीपुढची दिव्याची ताटली. छताला ओलीचा मोठा डाग पडला होता, आणि कॉटच्या बाजूला, बरोबर त्या डागाखाली, एक निळी बादली ठेवलेली होती. अर्ध्यावर भरलेली.

भावजय हळूच म्हणाली, "वरच्या बाथरूमची गळती आहे. वकील म्हणाले होते, खालच्या खोलीत काही हलवायचं नाही, दुरुस्ती नाही. म्हणून हे रोज येतात आणि बादली ओतून जातात. सकाळी एकदा, कामावरून आल्यावर एकदा. आईंची कॉट भिजू नये म्हणून."

मला वाटलं होतं भावाने आमची आई टाकली. तो रोज तिच्या खोलीत जात होता. तिला हे कळलं असतं, तर तिने लेखी मागितलं नसतं, किंवा कुणास ठाऊक, मागितलंही असतं. हे मी तिला कुठे जाऊन सांगू? वरचं पाणी बंद करून भावाने बादली बाजूला ठेवली, आणि तिथे आईला निजवलं. भंतेजी आले, वंदना झाली. तिची मयत तिच्याच दारातून निघाली. एवढं तिला मिळालं, आणि त्यासाठी तिला मरावं लागलं.

तारखेला आम्ही दोघं गेलो. पुकारा झाला, तिच्या नावाचा. मॅडमनी सांगितलं, वादी मयत. न्यायाधीशांनी हातातलं पेन खाली ठेवलं. वादी मयत झाली तरी वारस लावले की दावा पुढे चालतो, आणि तिचे वारस आम्हीच दोघं. म्हणजे भाऊ आता आईच्या बाजूनेही आणि आईच्या विरुद्धही. मॅडम हे सांगत होत्या आणि भाऊ भिंतीकडे बघत होता. तो म्हणाला, "मला काही नको. दोन्ही मागे घ्या." सुनावणी ती असतानाच झाली होती, म्हणून स्थगिती मात्र उठली. वरातीमागून घोडं. हुकमाची नक्कल पुढे काही दिवसांनी हातात आली.

ती घेऊन मी हडपसरला गेले. भाऊ पुढच्या खोलीत, पाटाशेजारी जमिनीवर बसला होता. मी कॉटवर बसले नाही, त्याच्याजवळ खालीच बसले. नक्कल उघडली आणि वाचली. लांबलचक नव्हती. दोन्ही दाव्यांतले प्रश्न आता वेगळे आहेत, आधीचा दावा वारसांअभावी अडलेला आहे, म्हणून या दाव्यावरील स्थगिती उठवण्यात येत आहे. आणि खाली वेगळ्या ओळीत, वादीने स्वतःच्या घरी जाऊन राहण्यास या कोर्टाची कधीही मनाई नव्हती. ते साहेबांनी तिच्यासाठीच लिहिलं होतं, हे कुणी सांगायला नको होतं.

मी भरभर वाचलं, कारण मला रडायचं नव्हतं. भाऊ म्हणाला, "परत वाच. हळू."

मी परत वाचलं, हळू, एकेक शब्द सुटा करून, तिच्यासाठी वाचायची तसं. संपलं तेव्हा कागद हातात धरून मी सवयीने थांबले. भाऊही थांबला. वरून एक थेंब बादलीत पडला. आता कळलं, असं म्हणायला खोलीत कुणी नव्हतं.